पाव मापाची गाडी: प्रकल्प नोंदी

7 सप्टेंबर 2025, रविवार, पेण

काल अनंत चतुर्दशी झाली. काकांचा गणपतीचा कारखाना आज वर्षात पहिल्यांदा रिकामा दिसतोय. फळीवर चार मूर्ती उरल्यात, कोपऱ्यात शाडूची पोती, फरशीवर सोनेरी रंगाचे शिंतोडे. पुढच्या हंगामाचं काम जोर धरायला अवकाश आहे म्हणून मागची पडवी मला मिळाली. अट एकच: "डिसेंबर संपायच्या आत पडवी रिकामी पाहिजे."

काम असं: चार-पाच माणसांच्या घराला रोज लागणाऱ्या लहान गाडीचं बाहेरचं रूप, 1:4 मापात, मातीत. पुण्यात नोकरीत मी हेच करतो, पण तिथे रेषा डिझायनरची असते आणि मी ती मातीत उतरवतो. इथे रेषाही माझ्याच, त्यामुळे बोट दाखवायला समोर कोणी नाही. शनिवार-रविवार धरून सोळा आठवडे मिळतात.

मापं ठरवून भिंतीवर खडूनं लिहिली. लांबी 3700, रुंदी 1650, उंची 1540, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) 2450. पुढच्या चाकाच्या मध्यापासून नाकापर्यंत 780, मागच्या चाकापासून शेपटीपर्यंत 470. रिकाम्या गाडीखाली जमिनीपासून 170. सगळं मिलिमीटरमध्ये. चारनं भागलं की मॉडेल 925 लांब, 385 उंच. म्हणजे मध्यम आकाराच्या मूर्तीला आडवं झोपवावं एवढं. काका बघून म्हणाले, "पाव मापाची."

14 सप्टेंबर

3700 कशाला, 3995 का नाही, असं पुण्यातल्या एका मित्रानं फोनवर विचारलं. प्रश्न रास्त आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या झाली: लांबी 4 मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 पर्यंत. या व्याख्येत बसलं की अबकारी कर कमी. तेव्हापासून आपल्याकडच्या गाड्यांच्या पाठी करवतीनं कापल्यासारख्या झाल्या. पहिली स्विफ्ट डिझायर 2008 मध्ये 4160 मिलिमीटर लांब होती, 2012 मध्ये ती 3995 झाली. डिकी आखडली, पण कायद्यात बसली. ती पाठ कागदावर काढून बघा. मागच्या काचेनंतर डिकी सुरू होते न होते तोच संपते. ती रेषा डिझायनरनं नव्हे, अर्थमंत्र्यांनी ओढलेली आहे.

मी 3700 धरलं कारण मला डिकीचा वेगळा डबा नको. शिवाय हॅचबॅक 4 मीटरपर्यंत ताणली की जादा लांबी बहुतेक नाकात जाते, माणसांच्या वाट्याला येत नाही. वाचलेला पत्रा म्हणजे वाचलेलं वजन. आणि आमच्या सोसायटीतली पार्किंगची चौकट मी टेपनं मोजली आहे.

20 सप्टेंबर

पांढऱ्या प्लायवर टेप ड्रॉइंग सुरू. पेन्सिल नाही. काळी चिकट टेप एका हातानं ओढायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं दाबत जायचं. टेपला कोन घेता येत नाही, ती आपसूक सलग वळते, म्हणून वक्र स्वच्छ येतो. न आवडला तर उचलून दोन मिलिमीटर खाली.

दुपारभर फक्त छताची रेषा. सात वेळा काढली.

21 सप्टेंबर

बाजूचं चित्र उभं राहिलं आणि पहिली भानगड दिसली. चाकं बारकी वाटतात. मुलानं मोठ्या माणसाच्या चपला घालाव्यात त्याच्या उलट: अंग मोठं, पाय लहान.

हिशेब केला. टायर 165/70 आर 14 धरलं होतं, व्यास 587. 1540 च्या उंचीत हे चाक 2.6 वेळा बसतं. रुबाबदार दिसणाऱ्या गाड्यांमध्ये हा आकडा दोनाच्या जवळ असतो. शो-रूमच्या स्केचमध्ये तर डिझायनर चाकं सरळ फुगवतात, कारण तिथे टायरचं बिल कोणी भरत नाही. माझ्या गाडीत माणसं ताठ बसायची आहेत, त्यामुळे छत खाली येणार नाही. मग चाक वाढव. 165/80 आर 14 घेतलं तर व्यास 620, प्रमाण 2.5 च्या खाली. हे माप बाजारात सहज मिळतं, रिम तीच राहते, म्हणजे खर्च फारसा चढत नाही.

पण फुकट काही नाही. मागचं चाक पुढे 16 मिलिमीटर सरकल्यासारखं होतं आणि मागच्या दाराचा खालचा कोपरा खातं. नेमका तिथेच उतरताना पाय पडतो. चाकाची कमान दारात घुसू नये म्हणून व्हीलबेस 2460 केला आणि मागचा ओव्हरहँग, म्हणजे चाकाच्या मध्यापासून शेपटीपर्यंतचं अंतर, 460. एकूण लांबी तीच.

22 सप्टेंबर, सोमवार

आज घटस्थापना, आणि आजपासूनच लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के, वरचा सेसही गेला. अट पुन्हा तीच: 4 मीटर, 1200 आणि 1500. एकोणीस वर्षांपूर्वीची पट्टी अजून तशीच. पुण्यात परत जाताना एसटीत बसून लिहितोय. वाटेतल्या शो-रूमबाहेर झेंडूची तोरणं.

28 सप्टेंबर

पाऊस. काम नाही, वाचन आणि जुनी चित्रं.

लहान गाडीत माणसं कशी बसवायची याची दोन उत्तरं मला महत्त्वाची वाटतात. एक 1959 च्या मिनी या ब्रिटिश गाडीचं. तिचा डिझायनर इसिगोनिसनं इंजिन आडवं टाकलं, चाकं 10 इंची केली आणि 3.05 मीटरच्या गाडीतली बरीचशी जमीन माणसांना दिली. चाक लहान केल्यानं आत जागा झाली. मी गेल्या आठवड्यात नेमकं उलटं केलं, हे डोक्यात ठेवायला हवं.

दुसरं उत्तर जपानचं. तिथल्या केई नावाच्या लहान गाड्यांना कायद्यानं लांबी 3.4 मीटर, रुंदी 1.48 मीटर. पुढे-मागे जाता येत नाही, बाजूला सरकता येत नाही. उरलं काय, तर वर. माणसाला खुर्चीवर बसवल्यासारखं ताठ बसवलं की पाय लांब पसरत नाहीत आणि तेवढी लांबी वाचते. 1993 ची सुझुकी वॅगनआर याच विचारातून आली. आपल्याकडे 1998 मध्ये सँट्रो आणि 1999 च्या डिसेंबरात वॅगनआर आली तेव्हा लोक हसले होते. "डबा" म्हणाले, "कपाट" म्हणाले. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी एकदा बसून बघितलं आणि हसणं थांबलं.

इंडिकाही त्याच काळातली, 1998 ची. चाकण-पिंपरी पट्ट्यात वाढलेल्या माझ्यासारख्यांना ती घरची गाडी. रूप ट्युरिनच्या आय.डी.ई.ए. स्टुडिओनं पुण्याच्या मंडळींबरोबर घडवलं होतं. तिचा व्हीलबेस 2400 होता. सत्तावीस वर्षांनी मी त्याच्यापुढे फक्त 60 मिलिमीटर गेलोय.

2 ऑक्टोबर, दसरा

हत्यारांची पूजा काकांच्या कारखान्यात दरवर्षी असते. यंदा कोरण्यांच्या शेजारी माती खरवडायचे माझे रेक, स्टीलच्या पट्ट्या आणि लूप मांडले. काकांनी एक रेक उचलून दात मोजले. "हा आमच्या करवतीच्या तुकड्याचा भाऊ." खरंच आहे, आधी दातेरी पत्र्यानं खरवडायचं आणि मग सपाट पत्र्यानं गुळगुळीत करायचं, दोन्हीकडे तेच.

5 ऑक्टोबर

मातीखाली राहणारा गाभा बिघडला. दोष माझा. थर्माकोलचे तुकडे एकमेकांना चिकटवायला घाईत रबरी गोंद वापरला. रात्रीत त्यानं थर्माकोल आतून खाल्ला, सकाळी मधोमध हाताएवढं भगदाड. हे मला माहीत होतं. शिकवलंही आहे दोघा-तिघांना. काका काही बोलले नाहीत, फक्त पांढऱ्या गोंदाची बाटली आणून पाटावर ठेवली.

दिवस गेला.

11 ऑक्टोबर

नवा गाभा तयार, सगळीकडून 20 मिलिमीटर आत. माती एका ओळखीच्याकडून वापरलेली घेतली, साधारण 30 किलो. ही माती शाडूसारखी पाण्यात मळायची नसते. तिच्यात मेण आणि तेल असतं, त्यामुळे ती वाळत नाही, आकसत नाही, तडकत नाही. तापवली की लोण्यासारखी, थंड झाली की खरवडता येईल इतकी घट्ट. लाकडी पेटीत 100 वॅटचे दोन बल्ब लावून भट्टी केली, थर्मामीटर 58 अंशांवर स्थिर. याहून फार तापली की तेल सुटतं आणि माती भुसभुशीत होते.

जुन्या मातीत गंधक आहे. पडवीत वास सुटला. आजी आतून ओरडली, "दिवाळी आली का रे?"

12 ऑक्टोबर

अंगठ्यानं दाबत पहिला थर. हवा राहता कामा नये, नाहीतर नंतर खरवडताना पोपडा निघतो. बोटं भाजली, सवय मोडली होती. स्टुडिओत आता पहिला खडबडीत आकार मिलिंग मशीन कापून देतं आणि आम्ही फक्त शेवटचा हात फिरवतो. इथे पहिलाही हात माझा. ही मजा विसरलो होतो.

18 ऑक्टोबर

ठरलं. दोन बाजू दोन तऱ्हेच्या. मधोमध उभा आरसा धरला की प्रत्येक अर्धी गाडी पूर्ण दिसते. स्टुडिओतली जुनी युक्ती, मातीही वाचते.

डावी बाजू "क": काचेखालची रेषा पुढून मागे चढत जाणारी, छत मागे उतरतं. पळायच्या तयारीत असलेली गाडी. हल्ली बाजारात बहुतेक अशाच.

उजवी बाजू "ख": काचेखालची रेषा सरळ, छत जवळपास शेवटपर्यंत समतल, पाठ उभी.

खरं सांगायचं तर "क" करताना हात आपोआप चालला आणि "ख" करताना कंटाळा आला.

22 ऑक्टोबर, पाडवा

सगळे घरी. चुलत भाऊ, वहिनी आणि त्यांची सहा वर्षांची लेक भावाच्या गाडीतून आले. गाडी दिसायला तडफदार, काचेखालची रेषा माझ्या "क" सारखी चढती. जेवणानंतर फेरफटका मारून आलो. वाटेत पोरीला विचारलं, खाडी दिसली का? "मला फक्त आभाळ दिसतं." एवढं बोलून ती मोबाइलकडे वळली.

परत आल्यावर तिला खुर्चीवर बसवून मोजलं. बसल्या जागेपासून डोळे 50 सेंटीमीटरवर. माझ्या गाडीत मागची बैठक जमिनीपासून 640 वर आहे, म्हणजे तिचे डोळे 1140 वर. "क" बाजूला मागच्या दाराशी काच 1090 वर सुरू होते. डोळ्यांखाली उरले पाच सेंटीमीटर. "ख" बाजूला काच 970 वर.

चढती रेषा गाडीला पळती दाखवते आणि मागे बसलेल्या पोराला पत्र्याआड टाकते. हे मला आधी ठाऊक नव्हतं असं नाही. पण स्टुडिओत मागच्या सीटवर बसलेलं पोर नसतं, तिथे मॉडेलभोवती उभी माणसं फिरतात आणि त्यांचे डोळे दीड मीटरवर असतात.

1 नोव्हेंबर

आज काकांनी मला गाडी शिकवली.

संध्याकाळी ते पडवीत आले, "क" च्या उतरत्या छतावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "यात बाप्पा वाकून जाणार."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. गेली तीस वर्षं चतुर्थीच्या आधीचे आठ दिवस त्यांच्या दारात गाड्यांची रांग लागते. गिऱ्हाईक मूर्ती उचलतं, मागचं दार उघडतं, आणि कुठल्या गाडीत मूर्ती सरळ आत जाते आणि कुठल्या गाडीत मुकुट दाराच्या वरच्या कडेला लागू नये म्हणून तिरकी करावी लागते, हे काका ओट्यावरून बघत असतात. मूर्ती तिरकी झाली की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. हात मोडायची भीती वेगळी. त्यांना गाड्यांची नावं येत नाहीत, पण रस्त्यावरून जाणारी गाडी बघून ते सांगतात: "ही दीड फुटाची", "ही दोन फुटाची". जुन्या उंच डबा गाड्या दोन फुटाच्या. नव्या देखण्या गाड्यांपैकी कितीतरी सव्वा फुटाच्या.

सतरा वर्षं या धंद्यात आहे. इतकं नेमकं मोजमाप कुणी दिलं नव्हतं.

2 नोव्हेंबर

पुठ्ठ्यातून मागच्या दाराची चौकट पूर्ण मापात कापली. एकदा "क", एकदा "ख". दोन स्टुलांमध्ये उभी केली, मागे 640 उंचीवर फळी ठेवून सीट केली. फळीवरून वरच्या कडेपर्यंत "ख" मध्ये 810, "क" मध्ये 750.

उरलेल्या चार मूर्तींपैकी दोन फुटी उचलली. मूर्ती 610, पाट 30, खाली हात धरायला निदान 60-70. एकूण 710 च्या आसपास. "क" मध्ये कागदावर 40 मिलिमीटर उरतात, प्रत्यक्षात उरत नाहीत, कारण उचलणारा माणूस स्वतःही वाकून आत घुसत असतो आणि हात वर-खाली होतात. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा मुकुट पुठ्ठ्याला लागला. "ख" मध्ये पहिल्याच फटक्यात आत.

मग आजीला बोलावलं. तिच्या दोन्ही गुडघ्यांनी दहा वर्षांपूर्वीच संप केलाय. तिनं आधी "क" मधून बसून बघितलं. मान घालून, मग कंबर, मग एकेक पाय हातानं उचलून. "ख" मध्ये ती पाठ टेकवून सरळ बसली आणि पाय आत घेतले. "ह्यात मी अलिबागला येईन," म्हणाली. "त्या दुसऱ्यात देवळापर्यंतसुद्धा नाही."

"ख" ठरली. आता ती कंटाळवाणी दिसू नये हे माझं काम.

8 नोव्हेंबर

उजवी बाजू एवढी सपाट दिसते की वर फ्रिजचं स्टिकर लावावं.

काच सरळच राहणार, छतही. मग हलवता काय येईल? काचेच्या खाली, दाराच्या कड्यांच्या उंचीवर जो खांदा आहे, तो. पत्र्यात एक कड घेतली, जी पुढच्या चाकाच्या कमानीवरून निघते आणि मागे जाताना चढते. पूर्ण मापात जेमतेम 70 मिलिमीटर, मॉडेलवर 18 देखील नाही. ऊन वरून पडतं, कडेच्या खाली सावली. म्हणजे काच तिच्या जागी सरळ आणि सावली मात्र चढती. बघणाऱ्याला चढ मिळतो, पोरीची खाडी तशीच राहते.

कड किती धारदार ठेवायची यावर दुपार गेली. पत्रा दाबून असा कोपरा काढताना तो ताणला जातो, फार टोकदार केला तर फाटतो. शिवाय दाबाचा साचा सरळ सुटला पाहिजे. काकांना समजावायला गेलो तर तेच म्हणाले, "सोंडेखाली साचा अडकतो, तसंच ना?" तसंच.

9 नोव्हेंबर

बाजूच्या काचेत फसलो. दिसायला छान म्हणून मागच्या दाराशी काच जरा जास्त आत झुकवली होती. पण दाराची काच खाली उतरते. ती पिंपाच्या भिंतीतून कापलेल्या तुकड्यासारखी असावी लागते, सगळीकडे एकच बाक, तरच ती दाराच्या पोटात सरकते. बाक बदलला की काच अडकणार. पत्र्याची एक कमान कापून घेतली आणि ती दोन्ही दारांवर पुढून मागेपर्यंत फिरवली. जिथे उजेड दिसला तिथे माती भरली. 1980 च्या फियाट पांडात डिझायनर जुजारोनं सगळ्या काचा मुद्दाम सपाट ठेवल्या होत्या, स्वस्त आणि साध्या. त्याचं कौतुक आज पहिल्यांदा मनापासून वाटलं.

16 नोव्हेंबर

पाठ. मागच्या दारानंतर एक छोटी तिकोनी काच ठेवली. चालवणाऱ्याला मागे वळून बघताना तिरकं दिसतं आणि जाड खांबाचं ओझं हलकं होतं. डिकीची चौकट बंपरपर्यंत खाली आणली, कडा जमिनीपासून 690. पंचवीस किलोचं तांदळाचं पोतं मांडीला लावून ढकलता येईल इतकी. मागचा वायपर ठेवला. वायपरची मोटर झाकायला काचेखाली थोडा फुगवटा लागतो, तो मागून बघताना दिसतो. दिसू दे.

22 नोव्हेंबर

नाकावर दोन दिवस. लोखंडी इंजिन आणि बॉनेटचा पत्रा यांच्यामध्ये मोकळी जागा लागते, गाडीनं माणसाला धडक दिली तर डोकं पत्र्यावर आपटून पत्रा दबला पाहिजे, इंजिनवर नाही. त्यामुळे बॉनेट उंच. उंच बॉनेट म्हणजे उभा, जाड चेहरा.

दिवे कुठेही ठेवले तरी गाडी दचकल्यासारखी दिसत होती. काका शाडूचे हात पुसत आले. मूर्तीचे डोळे त्यांच्याकडे शेवटी होतात, त्याला आखणी म्हणतात आणि ती ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. बराच वेळ बघून म्हणाले, "वरची पापणी नाहीये." बरोबर. मी दिव्याची वरची कड गोल ठेवली होती, खालच्यासारखीच. तिथे माती घेऊन कड सपाट केली आणि आतल्या टोकाला दोन मिलिमीटर खाली आणली. दोनच मिलिमीटर. गाडी शांत झाली. रागावलीही नाही. हल्लीच्या गाड्यांच्या कपाळावर आठ्या असतात, रस्त्यावर सगळ्यांवर डाफरत निघाल्यासारख्या. घरच्या गाडीनं असं का दिसावं?

23 नोव्हेंबर

नंबर प्लेट विसरलो. प्रत्येक जण विसरतो. पुढची 500 गुणिले 120, मॉडेलवर 125 गुणिले 30. काल केलेल्या जाळीच्या बरोब्बर मधोमध ती पट्टी आली आणि चेहऱ्याला मिशी फुटली. जाळी खाली घेतली, प्लेट बंपरच्या सपाट भागावर. मागे 340 गुणिले 200 ची चौकोनी, डिकीत खोलगट जागा करून. वर दिवा बसेल एवढी कड.

7 डिसेंबर

मधले आठ दिवस पुण्यात नोकरीचं काम. परत येऊन बघितलं तर गाडी थोडी जाड वाटली. डोळा ताजा झाला की हे होतं. दारांच्या खालच्या पट्ट्यात गडद प्लास्टिक दाखवायला काळी टेप लावली, चाकाच्या कमानींनाही. पत्र्याची उंची डोळ्याला कमी दिसते आणि चाकं मोठी. चिखल आणि दगड तिथेच उडतात, रंगाचा खर्चही वाचतो. काका मूर्तीच्या पाटाची कड गडद रंगवतात, मूर्ती नीट बसलेली वाटावी म्हणून. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच दाखवलं.

दारांच्या फटी 1 मिलिमीटरच्या टेपनं. खऱ्या गाडीत साधारण 4.

14 डिसेंबर

डायनॉकची चंदेरी फिल्म दोन मीटर मिळाली. ती पाण्यात भिजवून मातीवर पसरायची आणि रबरी पट्टीनं पाणी बाहेर काढायचं. मातीवर चूक लपते कारण माती चमकत नाही. फिल्म लावली, पडवीतली ट्यूबलाइट लावली आणि खांद्याच्या कडेवरून उजेडाची जी रेघ गेली ती मागच्या दाराच्या कड्याशी तुटली. बोटाला काहीच लागत नव्हतं. पट्टी लावून मोजलं, अर्ध्या मिलिमीटरचा खड्डा. फिल्म काढली, भरलं, खरवडलं, परत लावली. रेघ आता पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत सलग जाते.

आजीला आणून दाखवलं. ती दोन्ही बाजूंनी फिरली. "ही दिसायला बरी," म्हणाली आणि "क" कडे बोट केलं. "पण घेऊ नका."

21 डिसेंबर

फोटो काढले. उन्हात, सावलीत, आजीच्या डोळ्यांच्या उंचीवरून, पोरीच्या उंचीवरून. आरसा मधोमध धरून "ख" पूर्ण गाडी म्हणून. तरीही दोन गोष्टी खटकतात. मागच्या खांबाचा खालचा कोपरा अजून जड आहे, आणि पुढचा ओव्हरहँग 20 मिलिमीटर कमी असता तर बरं झालं असतं. बॉनेटखालच्या हिशेबात ते 20 सापडत नाहीत.

28 डिसेंबर

काकांनी कालच नव्या मूर्तींचे साचे काढून पुसायला घेतले. "ख" बाजू तशीच ठेवून मॉडेल माळ्यावर चढवायचं ठरलं. साचा काढायचा तर आधी मातीवर सीलरचा लेप लागेल, गंधकाच्या मातीवर सिलिकॉन नीट धरत नाही. ते उन्हाळ्यात.

"क" बाजू खरवडली. साडेतेरा किलो माती परत पेटीत. पाट पुसून काकांना दिला.